रेशीम अडकता कामा नये

आजारपणातून उठल्यावर थोरलीला सगळ्यात आधी एक गोष्ट कळली. तिच्या बोटांना आता जगातली प्रत्येक वस्तू गुळगुळीत लागत होती. उशीचा अभ्रा गुळगुळीत, अंगणातली विटांची भिंत गुळगुळीत, नवऱ्याची वाढलेली दाढीसुद्धा गुळगुळीत. औषधं जालीम होती. त्यांनी आजाराला हाकलून लावलं, पण जाता जाता बोटांच्या टोकांतली जाण सोबत नेली. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू परत येईल. कदाचित नाहीही येणार." थोरलीने मान डोलावली आणि घरी येऊन याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही.

दुसरी कुणी असती तर एवढ्याने फार काही अडलं नसतं. पण थोरलीचा सगळा संसारच बोटांच्या टोकांवर चालायचा. तिचा नवरा फर्निचर बनवायचा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत, आणि त्याने बनवलेल्या प्रत्येक वस्तूला तेल पाजायचं काम हिचं. घरामागची लांबलचक शेड हा त्यांचा कारखाना. तिच्या एका टोकाला रंधे, करवती आणि मिस्त्रीची अखंड बडबड, दुसऱ्या टोकाला तेलाचे डबे, चिंध्या आणि थोरलीची शांतता.

लग्नानंतर लवकरच या दोघांचं एका खुर्चीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. खुर्ची कुठल्या कुठे गेली, पण भांडणातून एक नियम जन्माला आला. त्याच्या सांध्यांना तिने नावं ठेवायची नाहीत, आणि तिच्या तेलाला त्याने बोट लावायचं नाही. दोघेही हट्टी, त्यामुळे नियम आजवर कुणी मोडला नव्हता. काम संपत आलं की मिस्त्री लांबूनच विचारायचा, "झालं का?" थोरली म्हणायची, "झालं." की वस्तू थेट गिऱ्हाइकाच्या घरी.

मिस्त्री माणूस चांगला. चांगल्या माणसांचा त्रास एवढाच, की ते आपल्याला न विचारता आपल्या भल्याचं ठरवून मोकळे होतात. थोरली अंथरुणात होती तेव्हा त्याने बाजारातल्या फवारेवाल्याशी बोलणी करून टाकली. फवारेवाला म्हणजे यंत्राने पॉलिश मारणारा. सकाळी वस्तू न्यावी, संध्याकाळी चकचकीत करून आणावी.

"तू फार केलंस," मिस्त्री म्हणाला. "आता निवांत बस."

"बसून काय करू? अंडी उबवू?"

"अगं, मरता मरता वाचलीस."

"वाचले ना? मग मेल्यासारखं कशाला बसवता?"

यावर मिस्त्रीने सरळ रंधा मारायला घेतला. त्या दिवशी त्याने एका फळीचा उगाचच निम्मा भुगा केला.

तेवढ्यात धाकटीचं टेबल मध्ये आलं. धाकटी म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या भावाची बायको, थोरलीची जाऊ. दोन्ही घरांत एकच भिंत. धाकटी कपडे शिवायची, आणि कात्रीला व जिभेला ती रोज सकाळी धार लावते, असं मिस्त्री तिच्या तोंडावर म्हणायचा. तिला एका नाटक कंपनीच्या राजा-राण्यांचे पोशाख शिवायचं काम मिळालं होतं. सगळं रेशीम. इतकी वर्षं जेवायच्या टेबलावर कापड पसरून भागवलं, आता मात्र तिला कापणीचं खरं टेबल हवं होतं. मिस्त्रीने अक्रोडाच्या फळ्या जोडून ते बनवलं. दोन माणसं सहज झोपतील एवढं मोठं, आणि फळ्या वाकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या.

"फवाऱ्याचं चकचकीत पॉलिश मला नको," धाकटीने बजावलं. "त्यावर कापड घसरतं. मी कात्री चालवू की कापड धरू? नुसतं तेल हवं, जाऊबाईंच्या हातचं. पण एक सांगते, रेशीम अडकता कामा नये."

"मी करते," थोरली म्हणाली.

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती फार वाळली होती. "झेपेल?"

"झेपलं, तर फवारेवाल्याला नको म्हणून कळवायचं."

"आणि नाही झेपलं, तर मुकाट्याने घरी बसायचं. कबूल?"

"कबूल," थोरली म्हणाली.

अक्रोडाचं लाकूड दिसायला राजबिंडं, पण त्याच्या अंगभर केसाएवढ्या खाचा. झाड उभं असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं, त्याच कापल्यावर उघड्या पडतात. नुसतं तेल लावलं तर तेल आत मुरतं आणि खाचा तशाच राहतात. त्यावरून रेशीम ओढलं की धागा अडकलाच म्हणून समजा. या खाचा बुजवायला बाजारात डबाबंद पुट्टी मिळते, पण थोरली तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. लाकडाच्या पोटात दुसऱ्याचं काही कशाला भरायचं, त्याचंच त्याला भरवावं, असं तिचं म्हणणं.

ती फळीवर जवसाचं तेल ओतायची आणि त्या तेलातच बारीक पॉलिश पेपरने घासत राहायची. घासताना भुगा सुटतो, तेलात कालवला जातो आणि त्याचा दाट, काळसर लगदा होतो. तो लगदा खाचांमध्ये दाबून बसवायचा. मग थांबायचं. ओला असताना पुसला तर चिंधी त्याला खाचांतून ओढून बाहेर आणते, फार वाळू दिला तर वरच कातड्यासारखा चिकटतो. मधली एक वेळ असते. ती घड्याळात दिसत नाही, बोटाच्या टोकाला कळते. ती वेळ आली की गोणपाटाच्या तुकड्याने पुसायचं, तेही लाकडाच्या रेषांना आडवं, कारण रेषांच्या दिशेने पुसलं की भरलेलं सगळं परत निघालं. मग वाळू द्यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. खाचा तुडुंब भरेपर्यंत हेच.

थोरलीने कारखान्यात सगळं पूर्वीसारखंच केलं. तेल ओतलं, घासलं, लगदा दाबला, वाट पाहिली. मग नेहमीच्या सवयीने बोट टेकवलं, तर बोट काहीच बोलेना. ओलं आहे की चिकट, कळायला मार्ग नाही. तिने अंदाजाने पुसलं. पुढच्या वेळीही अंदाजानेच, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. शेवटी तिने टेबलावरून बोटं फिरवली. गुळगुळीत होतं. नसायला काय झालं, तिला फरशी घासायचा ब्रशसुद्धा गुळगुळीत लागला असता, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण ताज्या तेलाने लाकूड असं काही उजळलं होतं की डोळ्यांनाही ते भरल्यासारखं दिसत होतं. थोरलीने डोळ्यांवर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तिने स्वतःला फसवलं.

"झालं का?" मिस्त्रीने लांबून विचारलं.

"झालं," थोरली म्हणाली.

टेबल भिंतीपलीकडे धाकटीच्या शिवणाच्या खोलीत गेलं. एरवी धाकटीला काही सांगायचं असलं की ती भिंतीपलीकडून ओरडायची, आणि ते सबंध गल्लीला कळायचं. या वेळी ती स्वतः चालत आली, एक शब्द न बोलता. थोरलीच्या तोंडचं पाणीच पळालं. धाकटी गप्प आहे म्हणजे घरात कुणीतरी दगावलं असणार.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"हे गेलं," धाकटी म्हणाली आणि हातातलं निळं रेशीम उलगडलं. कापडाच्या मधोमध एक धागा ओढला जाऊन सबंध पन्हाभर आवळल्यासारखी रेघ उमटली होती. "राणीच्या पाठीवरचं कापड आहे. आता राणीला नाटकभर प्रेक्षकांकडे तोंड करूनच उभं राहावं लागेल."

थोरलीचा चेहरा उतरला.

"तुमच्या हातून असं कधी होत नाही," धाकटी म्हणाली. "बोटं दाखवा बघू."

"माझ्या बोटांना काय झालंय?"

"तेच बघायचंय. परवा माझ्याकडे चहा घेतलात, तेव्हा कपाचा कान सोडून अख्खा कप मुठीत धरलात. चहा उकळता होता. मला वाटलं, शौर्य दाखवताय." तिने थोरलीचा हात ओढून घेतला आणि उताणा केला. बोटांवर फोड येऊन वाळल्याच्या खुणा होत्या. धाकटीने हळूच विचारलं, "भाऊजींना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"का नाही? मी तर आत्ता सांगणार."

"अगं, ते मला घरी बसवतील!" थोरलीचा आवाज फाटला. "मला बसायचं नाहीये. त्या पलंगावर छताकडे बघत मी सारखा एकच विचार करत होते, उठल्यावर कुठलं लाकूड पहिलं घासायचं. माझ्याकडून तेवढं काढून घेऊ नकोस. टेबल मी परत करून देते."

"कशाने? बोटांनी?"

हे लागलं. पण थोरली मागे सरली नाही. "कशाने ते बघते. पण करते. कसं नाही होत तेच बघते."

धाकटी रेशमाची घडी घालत राहिली. घडी चांगली बसली होती तरी पुन्हा उलगडून घातली. "अस्तरं कापायची आहेत अजून," ती म्हणाली. "ती मी जमिनीवर बसून कापते. अस्तरं संपेपर्यंत टेबल तुमचं. त्यानंतर मला रेशीम पसरायचंच आहे, आणि त्या दिवशी टेबल तयार नसलं तर मी भिंतीवर चढून भाऊजींना सांगेन. आणि गुडघे माझे दुखणार आहेत, तर तुमच्या नावाने खडे फोडत कापीन, चालेल?"

"चालेल," थोरली म्हणाली. "फोड."

दुसऱ्या दिवसापासून ती धाकटीच्या खोलीत जाऊ लागली. मिस्त्रीला सांगितलं, धाकटीला हाताशी कुणीतरी हवंय. मिस्त्री खूश झाला. बायको शेवटी बसून करायच्या कामाला लागली असं त्याला वाटलं.

थोरलीने खिडकीची झडप उघडली आणि तिरप्या उजेडात टेबलाकडे नीट पाहिलं. तेल आता मुरलं होतं आणि सोंग उतरलं होतं. सगळ्या खाचा उघड्या, तोंड वासून. तिने बाह्या सारल्या आणि कामाला लागली. तेल, पेपर, गोल गोल घासणं, लगदा. हात अजून अशक्त होते, थोड्या वेळातच खांदे भरून आले. जमिनीवर धाकटी अस्तरं कापत होती आणि कबूल केल्याप्रमाणे खडे फोडत होती.

लगदा पुसायची वेळ कशी ओळखायची हा पहिला प्रश्न. थोरलीने टेबलाला गाल लावून पाहिला. गालाला कळत होतं, निदान थोडंफार. तेवढ्यात धाकटी उठली.

"झोपलात?"

"तपासतेय."

"उजवा गाल काळा झालाय. डावाही करून घ्या, एकसारखं दिसेल."

गालाने भागणार नव्हतं. टेबल केवढं, गाल केवढा, आणि लगदा डोळ्यांतही जायला लागला. थोरलीने तोंड धुतलं आणि स्टुलावर बसून विचार करू लागली. जमिनीवर धाकटीच्या दोऱ्यांचे तुकडे पडले होते. तिने एक पांढरा तुकडा उचलला आणि लगद्यावर ठेवला. उचलला तर भिजून तपकिरी झाला होता. म्हणजे अजून ओलं. जरा वेळाने दुसरा ठेवला, तोही भिजला. असे पुष्कळ दोरे वाया गेले. मग एक दोरा उचलताना टेबलाने त्याला किंचित धरून ठेवलं आणि मग सोडलं. दोरा ताणलेला तिला डोळ्यांनी दिसला. तिने झडप घातल्यासारखं गोणपाट उचललं आणि आडवं पुसायला घेतलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

पुसल्यावरही सुटका नव्हती. खाचांत दडलेलं तेल घाम फुटावा तसं परत वर येतं, आणि तसंच वाळलं तर त्याच्या कडक पुळ्या होतात. थोरली दिवसभर टेबलाभोवती फिरत राहिली आणि दिसेल तो थेंब टिपत राहिली. तेलाच्या चिंध्या तिने खिडकीबाहेरच्या दोरीवर एकेक सुटी करून वाळत घातल्या. तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेटतो. एकदा कारखान्यात असाच एक कोपरा जळाला होता, तेव्हापासून तिची ही सवय.

"माझ्या खिडकीला ही कसली कळा आली?" धाकटी म्हणाली. "लोकांना वाटेल मी राजाचे पोशाख असलेच शिवते."

वेळ ओळखायचं जमलं. आता खाचा भरल्या की नाही हे कसं कळणार? दोन-तीन हात झाल्यावर डोळ्यांना सगळं एकसारखंच दिसू लागलं, आणि डोळ्यांनी एकदा दगा दिला होता. धाकटीने रेशमाची कातरण दिली. थोरलीने ती टेबलावरून ओढली. पण कापड अडकलं तरी ओढ जाणवायची कुठे, तर बोटांतच. ती पुन्हा तिथेच येऊन थांबली. तिला रडू आलं, आणि ती रडलीही, पण घासता घासता.

उत्तर सापडलं ते धाकटीच्या चिडण्यातून. तिने दोऱ्याचं लाकडी रीळ टेबलाच्या कोपऱ्यावर, एका रेशमी तुकड्यावर उभं ठेवलं होतं. तेलाचा ओघळ तुकड्याकडे येताना दिसला तशी ती "अगं बाई!" करून धावली आणि तिने तुकडा सर्रकन ओढला. रीळ त्याच्यावर उभ्याचं उभं वीतभर आलं, आणि मग एकदम आडवं झालं. थोरलीचा हात हवेतच राहिला.

"परत ओढ," ती म्हणाली.

"तेल लागेल."

"लागू दे. रीळ उभं कर आणि हळू ओढ."

धाकटीने ओढलं. रीळ निघालं, त्याच जागी डगमगलं आणि पडलं. थोरली खाली वाकली. त्या जागी खाचांची एक अख्खी रांग उघडी राहिली होती. कापडाला बसलेला झटका हाताला कळला नाही तरी रिळाला कळत होता, आणि रीळ पडलं हे बघायला तिचे डोळे शाबूत होते.

त्यानंतर थोरलीला कुणी थांबवू शकलं नसतं. रीळ पडेल तिथे ती खडूने खूण करायची, तेवढ्यावर तेल ओतायची, घासायची, दोरा ठेवून वाट पाहायची, पुसायची, वाळलं की पुन्हा रीळ चालवायची. पाठ मोडून आली, खांदे बोलायला लागले, धाकटीने दिलेला चहा निवून जायचा. अस्तरांचा ढीग कमी होत होता तशा टेबलावरच्या खडूच्या खुणाही कमी होत गेल्या. धाकटी आता खडे फोडायचं विसरून गेली होती. ती कात्री बाजूला ठेवून रिळाकडे बघत बसायची, आणि ते उभं राहिलं की लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायची.

शेवटचं अस्तर कापून झालं त्या सकाळी रीळ टेबलाच्या एका टोकाकडून निघालं आणि सगळ्या फळ्या ओलांडत पलीकडच्या टोकाकडे गेलं. तिथे, आडव्या पट्टीपाशी, ते पडलं. थोरलीने पुन्हा चालवलं. पुन्हा तिथेच पडलं. पट्टीच्या सबंध लांबीत कुठूनही नेलं तरी तिथेच.

तिने तिरप्या उजेडात पाहिलं. खाचा भरलेल्या होत्या. पट्टी आणि फळ्या जिथे मिळत होत्या, तिथे पट्टी नखभरसुद्धा नाही एवढी वर आली होती. ते तिचं काम नव्हतं. तो सांधा होता, मिस्त्रीचा सांधा.

आणि हे काही पहिल्यांदाच झालेलं नव्हतं. मिस्त्रीला चष्मा लागला त्या सुमारास त्याचे सांधे असे केसभर चुकायला लागले होते. थोरलीची बोटं फिरली की तिला कळायचं, आणि तेल पाजता पाजता ती ते चुपचाप घासून सपाट करून टाकायची. नियम होता ना, नावं ठेवायची नाहीत. ती एवढी वर्षं पाळत आली होती. या वेळी बोटांना कळलं नाही, म्हणून चूक जशीच्या तशी राहिली होती.

"घासून टाका की," धाकटी म्हणाली. "तुम्हाला किती वेळ लागणार?"

थोरलीने पेपर हातात घेतला, आणि खाली ठेवला. "नाही. राहू दे. त्यांना बोलावून आण."

मिस्त्री आला तो हातातली पेन्सिल कानावर खोचत. टेबलाकडे बघून चक्रावला. "हे तर झालं होतं ना?"

"नव्हतं झालं," थोरली म्हणाली. "मी झालं म्हणाले, पण झालं नव्हतं. हिचं रेशीम खराब झालं. माझ्या बोटांना काही कळत नाही हो. आजारपणापासून. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मला घरी बसवलं असतं."

मिस्त्रीने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. "इतके दिवस?" तो म्हणाला. "आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला पत्ता लागू नये म्हणूनच तर सगळा खटाटोप."

"आता तरी ऐकशील का? अगं, हाताला कळतच नसेल तर—"

"आधी हे ओढा," थोरलीने त्याला मध्येच तोडलं. तिने रेशमाचा तुकडा पसरला, त्यावर रीळ उभं केलं आणि तुकड्याचं टोक त्याच्या हातात दिलं. "रेशीम अडकलं की रीळ पडतं. माझ्या फळ्यांवर कुठेही पडलं, तर आजपासून मी घरी. सगळीकडून ओढून बघा, मनाची खात्री होईपर्यंत."

मिस्त्रीने ओढलं. उभं, आडवं, कोपऱ्यातून कोपऱ्यात. त्याने खरोखर कसून ओढलं, लबाडी त्याच्या स्वभावातच नव्हती. रीळ दरबारात निघाल्यासारखं ताठ चालत राहिलं. धाकटीने तोंडावर हात दाबून धरला होता. शेवटी मिस्त्री टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेला, पट्टीपाशी, आणि रीळ पडलं.

तो वाकला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या हाताचा.

"लाकूड हललं असेल," तो म्हणाला. "हवा बदलली की हलतं."

थोरलीने रीळ पुन्हा उभं केलं.

"हललं नाही," मिस्त्री पुटपुटला. "माझ्याकडूनच राहिलंय." मग त्याने मान वर केली. "हे याआधीही झालंय का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "झालंय," ती म्हणाली. "तुम्हाला चष्मा लागला तेव्हापासून. मी घासून टाकायचे."

"आणि बोलली नाहीस?"

"नियम होता ना."

मिस्त्री टेबलाला हात टेकून उभा होता, आणि आपला हात बायकोच्या तेलावर पडलाय हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं. त्याने दचकून उचलला.

"राहू द्या," थोरली म्हणाली. "लावा हात. आजपासून लावायचा. आणि तुमच्या सांध्याला मी बोलणार."

त्याने तळवा पुन्हा ठेवला, या वेळी सबंध, आणि हळूहळू टेबलाच्या मध्यापर्यंत नेला. इतक्या वर्षांत तिचं काम त्याने पहिल्यांदाच हाताने पाहिलं. "गुळगुळीत आहे गं," तो म्हणाला. "फारच गुळगुळीत."

"मला काय सांगता? मला सगळंच गुळगुळीत लागतं. तुमची दाढीसुद्धा."

मिस्त्री हसायला गेला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने तिची बोटं धरली आणि आपल्या खरखरीत गालावर टेकवली. "काहीच नाही?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"मग दाढी करायची कटकट तरी वाचली," तो म्हणाला, आणि थोरलीलाही आता आवरेना. धाकटी जोरात नाक शिंकरून म्हणाली, "टेबलावर पाणी सांडू नका. मला रेशीम पसरायचंय."

मिस्त्री कारखान्यात जाऊन छोटा रंधा घेऊन आला. त्याने पट्टी केसाकेसाने उतरवली, आणि उघड्या पडलेल्या लाकडावर थोरलीने तेल ओतून घासायला घेतलं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती असं आजवर चाललेलं काम पहिल्यांदाच एका जागी चाललं होतं, आणि दोघांचेही हात एकमेकांत येत होते. दोऱ्याने धरलं तेव्हा तिने पुसलं.

"फवारेवाल्याला काय सांगू?" मिस्त्रीने विचारलं.

"सांगा, आमच्याकडे रीळ आहे."

"रीळ माझं आहे," धाकटी म्हणाली.

सगळं वाळल्यावर थोरलीने रेशमावर रीळ उभं केलं आणि टोक धरून हळूहळू ओढत नेलं. ते फळ्यांवरून आलं, सांध्यापाशी आलं, सांधा ओलांडून पट्टीवर गेलं आणि कडेपर्यंत उभंच राहिलं. कडेला मिस्त्री खाली ओंजळ धरून उभा होता.